उठाबशा ही शिक्षा नव्हे

गेल्या रविवारी सकाळी साडेआठला मामीचा फोन. रविवारी साडेआठ म्हणजे आम्हा आयटीवाल्यांची मध्यरात्र, आणि हे मामीला चांगलं माहीत आहे. म्हणजे विषय गंभीर.

"अरे, याला जरा समजाव. नववीत आलाय आणि वजन एक्क्याऐंशी! नवीन युनिफॉर्मची बटणं लागेनात. तू कसं कमी केलं होतंस ते सांग त्याला. तुझंच ऐकतो तो."

मग फोन मामेभावाच्या हातात. साहेब आधी काही बोलेचनात. मग बहुधा स्वयंपाकघरापासून लांब गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "दादा, दहा किलो किती दिवसांत कमी होतील? डिसेंबरला गॅदरिंग आहे."

मी म्हटलं, संध्याकाळी फोन करतो. आणि मग दिवसभर तो प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. कारण अगदी हाच प्रश्न याच वयात मला पडला होता. फक्त गॅदरिंगऐवजी चुलतबहिणीचं लग्न होतं.

साल २०११. मी नववीत, वजन शहात्तर किलो. आमच्याकडे साताऱ्याला पंगत बसलेली, मी जिलबीसाठी ताट पुढे केलं आणि वाढणारे काका मोठ्याने म्हणाले, "याला जरा बेतानं वाढा रे, पाट मोडायचा!" सगळी पंगत हसली. मीही हसलो. (जाड्या मुलांना हे फार लवकर जमतं, सगळ्यांच्या आधी स्वतःवर हसणं.) दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलो. एप्रिलपर्यंत वजन पासष्ट!

आमच्या खानदानात ही गोष्ट आजही सांगितली जाते. पोरानं कसं मनावर घेतलं, कशी जिद्द दाखवली वगैरे. मामीने मला फोन केला तो या गोष्टीच्या भरवशावर. पण खानदानातली गोष्ट एप्रिल २०१२ ला संपते. तिचा उरलेला भाग कोणी सांगत नाही, कारण मीच कधी कोणाला सांगितला नाही. आज सांगतो.

मी रात्रीचं जेवण "मित्राकडे खाऊन आलो" असं सांगून बुडवायचो. घाम जास्त यावा म्हणून एप्रिलच्या उन्हाळ्यात रेनकोट घालून पळायचो. एसटी स्टँडवर ते लाल-हिरवे दिवे लागणारं वजनाचं मशीन असायचं ना, नाणं टाकलं की कार्ड येतं, मागे भविष्य छापलेलं, त्यावर मी दिवसातून दोनदा उभा राहायचो. खिशात कार्डांची थप्पी. दोनशे ग्रॅम वाढलेले दिसले की त्या दिवशी दुपारचा डबासुद्धा कुत्र्याला. एकदा शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उभा असताना चक्कर येऊन पडलो. सरांनी ग्लुकोज पाजलं, घरी कळवलं, आणि घरी सगळ्यांचं एकमत झालं की ऊन लागलं.

मग दहावी आली. क्लास सकाळी सहाला. पळणं बंद. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पोचेपर्यंत वजन चौऱ्याऐंशी. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षं मी सुटणाऱ्या बसमागे सोडून कशाच्याही मागे पळालो नाही. का? तर पळण्याचा माझ्या डोक्यात एकच उपयोग होता, वजन कमी करणं. ते होत नाही म्हटल्यावर पळायचं कशाला? बारीक व्हायचं तिकीट म्हणून मी व्यायामाकडे बघत होतो. गाडी चुकली, तिकीट फेकून दिलं.

तर मंडळी, आजचा मुद्दा असा. तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला व्यायामाला लावायचं कारण "वजन" असता कामा नये. आपण सगळे, म्हणजे आईबाप, काका, मामा, शाळा, सोसायटीतले आजोबा, नेमकं तेच कारण देतो, आणि मग ही पिढी व्यायाम करत नाही म्हणून गळे काढतो. माझं म्हणणं आहे की ती व्यायाम करत नाही कारण तिला व्यायामाचा तिटकारा यावा अशी व्यवस्था आपणच केली आहे. चिडलात? चिडा. पण पुढचं वाचा.

पहिली गोष्ट शाळेची. आठवून सांगा, तुम्ही आयुष्यातली पहिली उठाबशी कधी काढलीत? मी सांगतो. गृहपाठ केला नव्हता तेव्हा. कान धरून, वर्गासमोर. ग्राउंडला पहिली चक्कर कधी मारलीत? शाळेत यायला उशीर झाला तेव्हा. "पाच राउंड मार, चल." म्हणजे जी शाळा पी.टी.च्या तासाला उठाबशा आणि धावणं हा आरोग्याचा पाया आहे असं शिकवते, तीच बाकीचे सहा दिवस त्यांचा वापर शिक्षा म्हणून करते. गणित चुकलं म्हणून कधी कोणाला "आता पाच गोष्टीची पुस्तकं वाच, भोग आपल्या कर्माची फळं" असं म्हटलेलं ऐकलंय? नाही ना? वाचन चांगलं आहे हे आपल्याला मनापासून पटलेलं आहे. व्यायामाचं तसं नाही. मनातून आपल्याला तो दंडच वाटतो. मग तोच मुलगा पंधराव्या वर्षी जाड झाला की आपण म्हणतो "रोज शंभर उठाबशा काढ." त्याला हे काय ऐकू येत असेल? तर जाड असणं हा गुन्हा आहे आणि ही घे शिक्षा. (आता मी जिममध्ये महिन्याला पैसे भरून उठाबशा काढतो. तिथे त्यांना स्क्वॉट म्हणतात आणि कान धरावे लागत नाहीत, एवढाच फरक.)

आणि तो पी.टी.चा तास तरी होतो का? आमच्या शाळेत आठवड्याला दोन तास होते. दहावीच्या वर्षात त्यातला एक बीजगणिताने खाल्ला आणि दुसरा भूमितीने. "आरोग्य व शारीरिक शिक्षण" हा श्रेणीचा विषय. वर्षभर ग्राउंडवर पाऊल न टाकता मला त्यात "अ" मिळाला. वर्गात सगळ्यांनाच मिळाला. गणितात कोणी असं सरसकट "अ" वाटलं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना "शुगर बोर्ड" लावायला सांगितलं, कोणत्या पदार्थात किती साखर ते मुलांना कळावं म्हणून. चांगलीच गोष्ट आहे. पण पोरांना साखर किती हे वाचायला लावायचं आणि ती साखर जाळायचा तास मात्र गणिताला द्यायचा, याला काय म्हणायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. तुमच्या आसपासच्या शाळांमध्ये ते मैदान संध्याकाळी पाचनंतर पोरांना उघडं असतं का, की तिथे कुलूप असतं, की शनिवार-रविवार लग्नाचा मांडव असतो, एकदा जाऊन बघा.

दुसरी गोष्ट गणिताची. इंजिनिअर आहे, त्यामुळे खाज आहे, क्षमा असावी. पळताना ढोबळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. मी शहात्तर किलोचा, तीन किलोमीटर पळायचो, म्हणजे साधारण २३० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी. दहा किलो म्हणजे ७७,०००. भागाकार करा. ३३५ दिवस! एकही खाडा न करता, पावसात, परीक्षेत, तापात, आणि पळून आल्यावर भूक लागली म्हणून एक घासही जास्त न खाता. आणि एक वडापाव साधारण तीनशे कॅलरींच्या आसपास. तीन किलोमीटर धापा टाकत कमावलेलं तीन मिनिटांत परत.

हिशेब इतकाही सरळ नसतो, हे मान्य. शरीर काही एक्सेल शीट नाही. पण गोळाबेरीज तीच येते. निव्वळ व्यायामाने वजन फार हळू उतरतं. जे पटकन उतरतं ते उपाशी राहून. माझे अकरा किलो पाच महिन्यांत गेले ते पळून नाही गेले, बुडवलेल्या जेवणांनी गेले. पण श्रेय मिळालं पळण्याला. आणि आता त्याच खोट्या आकड्याच्या जोरावर माझा मामेभाऊ विचारतोय की डिसेंबरपर्यंत दहा किलो जातील का. तो पळायला लागेल, महिन्याने काट्यावर उभा राहील, अर्धा किलोसुद्धा हललेला नसेल, आणि तो म्हणेल "व्यायामाने काही होत नाही." त्याच्या जागी कोणीही हेच म्हणेल. जे काम व्यायाम नीट करतच नाही, त्या कामाच्या परीक्षेला आपण त्याला बसवतो, आणि जी दहा कामं तो उत्तम करतो त्यांच्याकडे बघतही नाही. झोप सुधारते, रक्तदाब ताळ्यावर राहतो, इन्सुलिन नीट काम करायला लागतं, हाडं भरतात, डोकं शांत राहतं. यातलं बरंचसं वजन एक ग्रॅमही न हलता होतं. पण काट्यावर ते दिसत नाही ना!

आमच्या धंद्यात हा रोग जुना आहे. प्रोग्रामरचं काम किती ओळी कोड लिहिला यावर मोजायला लागा, लोक ओळी वाढवतात. किती बग बंद केले यावर मोजा, लोक आधी सोपे बग निर्माण करतात आणि मग बंद करतात. जे मोजाल तेच मिळेल. पोराचं वजन मोजलंत तर पोरगं वजन कमी करून दाखवेल. कसं, ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या घरी नाहीच कळलं.

आता तो बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गृहस्थाचं. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हे, आणि त्याला "सरासरी माणूस" शोधायचा होता, तुमच्या शेजारचा बंड्या जाड आहे का ते नाही. "बॉडी मास इंडेक्स" हे नाव तर १९७२ चं. स्नायू किती आणि चरबी किती हे या आकड्याला कळत नाही. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला तो बरा आहे. पण वाढत्या मुलांना मोठ्यांचा तक्ता लावायचाच नसतो. त्यांच्यासाठी वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी असे सुधारित तक्ते दिलेले आहेत. आणि आपण काय करतो? मोबाइलवर बीएमआय कॅल्क्युलेटर उघडतो, चौदा वर्षांच्या पोराचा आकडा टाकतो, लाल रंग दिसला की जेवणाच्या टेबलावर खटला भरतो.

या वयात वजन वाढायलाच हवं, मंडळी! ऐन वाढीच्या वर्षात पोरांची उंची आठ-दहा सेंटिमीटरने वाढते. हाडांची भरती याच काळात सगळ्यात जोरात चालू असते, आणि तिशीनंतर जन्मभर ती पुंजी वापरायची असते. त्या वर्षांत पोराला अर्धपोटी ठेवणं म्हणजे इमारतीचा पाया भरताना सिमेंटवर पैसे वाचवणं.

मुलींची तऱ्हा तर आणखी वाईट. माझी चुलतबहीण (जिच्या लग्नात जिलबीचा प्रकार झाला, तिचीच धाकटी बहीण) सातवीपर्यंत खो-खोत शाळेच्या संघात होती. आठवीत पाळी सुरू झाली आणि घरातून हळूहळू फर्मानं निघाली. ग्राउंडवर मुलं असतात, उन्हात काळी होशील, आता मोठी झालीस, सहाच्या आत घरी. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणं अगदी नैसर्गिक आहे, निसर्गाची तशी योजनाच आहे. नेमक्या त्याच वर्षी आपण त्यांचं खेळणं बंद करतो. मग दहा वर्षांनी स्थळं बघायला लागलो की तोच बाप म्हणतो, "जरा वजन कमी कर, फोटो चांगला येत नाही." आणि तिला झुंबाला घालतात. दहा वर्षं तिचे पाय बांधून ठेवले कोणी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची आकडेवारी प्रसिद्ध केली होती, २०१६ पर्यंतची. अकरा ते सतरा वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत असं त्यात निघालं. मुलींमध्ये ८५ टक्के. त्यात भारतातल्या मुलींचा आकडा इतर बऱ्याच देशांपेक्षा जरा बरा निघाला. वाचून मला आनंद झाला होता. मग त्यांनी दिलेलं संभाव्य कारण वाचलं. मुलांच्या बाबतीत क्रिकेट. आणि मुलींच्या बाबतीत घरकाम! म्हणजे भाऊ खेळून आला म्हणून तंदुरुस्त आणि बहीण धुणीभांडी करून. घ्या!

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण संध्याकाळी मामीने सगळेच्या सगळे ऐकवले.

"म्हणजे काय, जाड राहू दे त्याला? साखर झाली म्हणजे?" नाही. लहान वयातला लठ्ठपणा हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे तर मधुमेह कमी वजनावरही गाठतो, म्हणून तर भारतीय प्रौढांसाठी निकष जास्त कडक आहेत, २३ च्या वर बीएमआय म्हणजे जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठ. पण काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे न्या, ते उंची-वजनाचा आलेख बघतील, गरज पडली तर रक्त तपासतील. पंगतीत टोमणा मारणं ही तपासणी नव्हे आणि उपचार तर नव्हेच नव्हे. आणि खाण्याचं म्हणाल, तर चौदा वर्षांचं पोर किराणा भरत नाही. घरात तेल किती येतं, फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकची बाटली कोण ठेवतं, रविवारी पिझ्झा कोण मागवतं, पाहुण्यांनी आणलेला कंदी पेढ्यांचा बॉक्स टीव्हीसमोर कोण उघडतं? खाणं बदलायचं तर सगळ्या घराचं बदला. एका पोरापुढे उकडलेल्या भाज्या आणि बाकीच्यांपुढे भजी, ही शिक्षाच झाली, पुन्हा एकदा.

"पण टोचून बोलल्याशिवाय पोरं हलत नाहीत." हलतात की! मी हललो. अकरा किलो हललो आणि मग दहा वर्षं हललो नाही. टोमण्यावर पेटलेली चूल टोमणा संपला की विझते.

"जिमला नको रे, उंची खुंटते." नीट शिकवणारा माणूस जवळ असेल, वजन झेपेल इतपत असेल, तर या वयात ताकदीचा व्यायाम केल्याने उंची खुंटते याला काही आधार नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पाच ते सतरा वयासाठी रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम असं स्पष्ट लिहिलंय. खुंटायचंच तर उंची उपासमारीने खुंटेल. आणि हो, आरशासमोरच्या दादाने विकलेला पावडरचा डबा मात्र नको. तो व्यायाम नाही, दुकान आहे.

"अभ्यासाचं काय? दहावी आली." आली. दरवर्षी येते. रोजचा एक तास म्हणजे दिवसाचे चार टक्के. रील्स बघण्यात त्याहून जास्त जातात, पोरांचे आणि आईबापांचेही.

आम्ही सातारकर आहोत, त्यामुळे एक गोष्ट मला विशेष लागते. आमच्याच जिल्ह्यात औंध नावाचं संस्थान होतं (पुण्यातलं मॉलवालं औंध नव्हे, खटाव तालुक्यातलं). तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी. शंभर वर्षांपूर्वी या गृहस्थाने सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. स्वतः रोज घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, आणि बायकांनी व मुलींनीही घालावेत असा आग्रह धरला. मला यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ते सगळ्यांना होते. लुकड्याला, जाड्याला, हुशाराला, ढ पोराला. "तू जाड आहेस म्हणून तू घाल" अशी भानगड नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. शंभर-शंभर वर्षांच्या या संस्था आहेत. तिथे पोराला पहिल्या दिवशी काय सांगतात? हा मल्लखांब, चढ. आज निम्मा चढलास, उद्या बघू. तिथे मोजतात ते काय जमलं ते. किती वजन उतरलं ते नाही. उगाच जुन्याचे गोडवे गात नाहीये, जुन्या तालमींची दारं मुलींना बंदच होती, तेव्हा सगळं सोन्याचं होतं असं नाही. पण मोजायचं काय, हे त्यांना आपल्यापेक्षा बरं कळलं होतं.

माझं पुढे काय झालं? लॉकडाऊन संपून २०२२ मध्ये ऑफिस पुन्हा सुरू झालं. एके दिवशी लिफ्ट बंद. पाचवा मजला. तिसऱ्यावर मी मोबाइल बघायचं नाटक करत थांबलो, आणि पन्नाशीची हाउसकीपिंगवाली मावशी बादली घेऊन माझ्या बाजूने वर निघून गेली. त्याच आठवड्यात एका कलीगने बॅडमिंटनला चौथा गडी कमी पडतोय म्हणून ओढून नेलं. हरलो. पुन्हा गेलो, कारण हरायचा राग आला होता. वजनाचा विचारही नव्हता. तेव्हापासून अजून चालू आहे. मग पळायला लागलो. आज मी दहा किलोमीटर न थांबता पळतो. आणि वजन? तेव्हा अठ्ठ्याऐंशी, आज त्र्याऐंशी. माझा बीएमआय सत्तावीसच्या वर आहे. म्हणजे वरच्या निकषाप्रमाणे मामीने वजन कमी कसं करायचं हे विचारायला एका लठ्ठ माणसाला फोन केला होता!

तर संध्याकाळी मी फोन केला. मामेभावाला आधी स्टँडवरच्या कार्डांची गोष्ट सांगितली. चक्कर ऊन लागून आली नव्हती हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मी पण परवापासून रात्री जेवलो नाहीये. आईला सांगू नको."

दोन दिवस. चौदा वर्षांचं पोर. एकाच घरात.

मी त्याला म्हटलं, आधी जा आणि जेव. मग आपण ठरवलं ते असं. वजनकाटा मामाच्या कपाटात, सहा महिने बंद. रोज एक तास काहीही, क्रिकेट, सायकल, चढ, जोर, त्याला आवडेल ते. मोजायचं ते एवढंच की चार भिंतीपर्यंत न थांबता चढता येतं का, आणि एका दमात जोर किती निघतात. गॅदरिंगला जो शर्ट नीट बसेल तो नवीन घ्यायचा, मोठ्या मापाचा. तो म्हणाला, "आणि वजन नाही कमी झालं तर?" मी म्हटलं, तर नाही झालं. चढ तर चढशील.

मग मामीशी बोललो. न जेवल्याचं तिला सांगितलं. त्याला शब्द दिला नव्हता, आणि दिला असता तरी मोडला असता. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मला वाटलं अभ्यासाच्या टेन्शनमध्ये भूक नाही त्याला." माझ्या आईलाही ऊन लागलं असंच वाटलं होतं. यात मामी वाईट नाही, आई वाईट नव्हती, जिलबीवाले काकासुद्धा वाईट नाहीत. सगळ्यांना पोरगं निरोगी व्हायला हवं असतं. पण बोलताना तोंडातून "बारीक हो" बाहेर पडतं, आणि पोर तेवढंच ऐकतं.

तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, नात्यात असं एखादं पोर असेल. ते नुकतंच पहाटे उठून पळायला लागलं असेल आणि सगळे त्याचं कौतुक करत असतील. कौतुक करा, पण "किती किलो उतरलं?" असं विचारू नका. "आज कुठपर्यंत गेलास?" असं विचारा. आणि ते रात्री जेवतंय ना, तेवढं बघा.

असो. पुढच्या शनिवारी सातारला चाललोय. पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा, मी आणि तो. आधी धाप कोणाला लागते ते बघायचंय, आणि खाली आल्यावर दोघांनी पोटभर मिसळ खायचीय. मामीला हे आधीच सांगून ठेवलंय.